उपाशीपोटी

दांडिया बाजारातल्या व्यायामशाळेत
मल्लखांबाला टेकवून ठेवलाय आमचा फलक:
बारा तास काही न खाता या.
सहापासून येतात लोक.
काही खरोखर उपाशी,
काहींच्या मिशीत फाफड्याचा चुरा.

मी आधी हात बघते, चेहरे नंतर.
चारशे बारा कोपरांच्या खळ्या झाल्या कालपर्यंत,
बहुतेक आपलीच बडोद्याची माणसं,
मराठीत सुरू होऊन
गुजरातीत पैसे मोजणारी.

हेमलताबाई फणसे, वय बावन्न.
तेल चमच्याने. कमाटी बागेत चार फेऱ्या, पावसात छत्री घेऊन.
चतुर्थी, एकादशी, आणि मनात आलं तर गुरुवारही.
आकडा: दोनशे एकाहत्तर.

त्यांचा सख्खा भाऊ श्रीरंग.
रोज सेव-उसळ, तर्री दोनदा मागून.
चालणं म्हणजे स्कूटरपासून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत.
आकडा: अठ्ठ्याण्णव.

बाईंनी अहवाल उलटा करून पाहिला,
मागे काही लिहिलंय का.
मग हळूच: "नावांची अदलाबदल नाही ना झाली?"
नाही हो. नळीवर पट्टी मीच चिकटवली.

त्यांना मी काय सांगणार होते?
की यकृताला दारं असतात,
रक्तातली चरबी आत ओढून घेणारी,
आणि एक प्रथिन असतं, ज्याचा धंदाच ती दारं मोडायचा?
की तुमच्या भावाच्या अंगात ते जन्मापासून आळशी आहे,
आणि हा घरातला एकमेव आळस
ज्याचं कुणी कौतुक केलेलं नाही?
"फेऱ्या सोडू नका," एवढंच म्हटलं.
नसत्या मारल्या तर तीनशेला टेकला असता आकडा, कदाचित.

संध्याकाळी डॉक्टर दिघे पडद्यावर रास दाखवतात,
पोतं ओतल्यावर गव्हाची होते तशी.
मधे उंचवटा, तिथे अर्धं बडोदं.
बहुतेकांच्यात, ते म्हणतात, नुसत्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका.
एका वेलांटीने आकडा दीडने वर,
दुसरीने एकाने खाली.
शेकडो वेलांट्या. वाचणाऱ्याला अर्थ लागतोच.
पण उजवीकडे, रास संपली असं वाटतं तिथे,
दोन-चार दाणे लांब पडलेले असतात.
तिथे मधली ओळच गाळलेली.

त्यातला एक आज पुन्हा आला, खात्रीच्या नमुन्यासाठी.
तन्मय राजेशिर्के, एकोणीस.
याच मल्लखांबावर उलटा लटकतो,
पोटावर चिमूट धरायला चरबी नाही.
तीनशे एकोणनव्वद.
"बूट चावतो" म्हणून त्याने चप्पल घातलेली.
मी वाकून टाचेमागची दोरी चाचपली:
जाड, गाठाळ, सुतळीच्या पिळासारखी.

ही टाच मला माहीत होती.
बाबा पाय पसरून पेपर वाचायचे तेव्हा
मी त्या गाठींवर पेन्सिल घरंगळवायचे.
एक्केचाळीसाव्या वर्षी मांडवीच्या बस थांब्यावर बसले
ते उठलेच नाहीत.
तेराव्याला आलेल्या एका मावशीने
लाडू मोडता मोडता म्हटलं,
"तूप फार होतं हो यांच्या घरात."
आईने ऐकलं.
त्यानंतर आमच्या वरणावर तूप पडलं नाही,
एकोणतीस वर्षं. पाहुण्यांच्याही.

माझा आकडा राशीच्या मधोमध आहे.
धाकट्याचा नाही. तो भरूचला रात्री गोळी घेतो,
आणि आईला सांगतो, जीवनसत्त्वाची आहे.
आईला हे कसं सांगायचं, मी बसमध्ये दोनदा जुळवून पाहिलं.
"तूप नव्हतं गं" इथपर्यंत येते.
पुढे "मग काय होतं" येतं,
आणि त्याचं उत्तर
आम्हा दोघांच्या अंगातून जातं.

"तुझे वडील?" मी तन्मयला विचारलं.
"मी सातवीत असताना गेले. बाहेरचं फार खायचे."
पाठ केल्यासारखं म्हणाला.
सुई काढली, कापूस दाबला.
सांगितलं: गोळी असते, रोज घ्यायची, महाग नाही.
आणि बाहेरचं खाण्याबद्दल, म्हटलं,
लोकांना जे दिसलं ते ते बोलले.

टेबलावर नमुन्यानंतरचा खाऊ ठेवलेला असतो:
केळी, बिस्किटं, कुणीतरी आणलेला चिवडा.
"झालं आता. खा काहीतरी," मी म्हटलं.
तो उभा राहिला ताटांसमोर बराच वेळ,
कापूस कोपरात मिटून धरलेला.
"यातलं," त्याने विचारलं, "मला काय चालेल?"